मधल्या ओळीतली सुनाखरी

कालिम्पोङ,
१८ नोव्हेंबर

प्रिय कान्छी,

फुर्बाच्या लँडरोव्हरमधून सुनाखरीचे ट्रे पाठवतो आहे. पोचले की लिहून कळव, फोन करू नकोस. तुझा फोन आला की माझ्या कानात पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाजतं आणि मी नुसता 'हो हो' म्हणत राहतो. मागच्या वेळी कशाला हो म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही.

ट्रे उघडताना हात आवर. आत ऑर्किडचे कंद आहेत, बटाटे नव्हेत. कडेने जी ओळ आहे ती साध्या जांभळ्या सुनाखरीची. आम्ही प्रत्येक ट्रेच्या कडेला जांभळीच लावतो, कारण गोगलगाय असो, ऊन असो, कोरडा वारा असो, जे काही येतं ते आधी कडेला येतं. मधल्या ओळीत तुझ्या भाउजूची, माझ्या मनरूपाची, पांढरी आहे. पानं गळाली की दोन्हीचे कंद सारखेच दिसतात, तेव्हा एकही जागचा हलवू नकोस.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो. ही पांढरी दुसऱ्या कुणाकडे नाही. मनरूपाने फिकट फुलं निवडून, निगाल्याच्या बारीक बांबूच्या काडीने पराग लावून, शेवाळावर बी पेरून ती केली. त्यात तिची निम्मी हयात गेली. मी फक्त पाणी वाहिलं. ती पहिल्यांदा फुलली तो वसंत मनरूपाने बघितला आणि त्याच पावसाळ्यात ती गेली.

इथे आता हिवाळा म्हणावा असा येतच नाही. थंडी पडली नाही तर कंद झोपत नाहीत, आणि झोपले नाहीत तर फुलत नाहीत. नुसती पानं काढत राहतात आणि दरवर्षी लहान होत जातात. आधी आमच्याच अंगणात झोपायचे, मग वर आलगढाला नेले, मागच्या वर्षी तिथेही जागेच राहिले. आता तुझं निगालेखर्क. आणखी एक हिवाळा जागे राहिले तर संपले म्हणून समज. इथे मी एकही ठेवलेला नाही.

घराच्या मागे, उत्तरेच्या भिंतीला, वळचणीखाली ठेव. पाण्याचा थेंब नको. बर्फ पडलं तर पडू दे, ती त्यांची दुलई असते.

तुझा,
हर्कजित दाजु

•

निगालेखर्क,
८ डिसेंबर

आदरणीय दाजु,

ट्रे पोचले. मी हात आवरला. आवरून आवरून मला वाटायला लागलं की ट्रे मी नाही, कुणी नर्स उघडते आहे. तुमच्या भाच्यांना वाढवलं तेव्हा तुम्ही एवढ्या सूचना केल्या नव्हत्या.

तुम्ही सांगितलंत तिथेच ठेवलेत. पण दाजु, यंदा वरही काहीतरी बिनसलंय. डिसेंबर लागला तरी पानं हिरवीच आहेत. मी रोज सकाळी बघते, एखादं पिवळं दिसतं का म्हणून. घरामागचं आरुचं झाड वसंतात फुलायचं ते आत्ताच फुललंय. गुराँस कळ्या फोडतोय, त्यावर मधमाशा येतात. दसैंला फुललेली सयपत्री अजून उभी आहे. आमचे हे म्हणतात की बरं झालं, यंदा लाकडं कमी जळतील. त्यांना लाकडांपलीकडे काही दिसत नाही. मात्र पेवातले बटाटे कोंब काढायला लागलेत, तेव्हापासून तेही सकाळी उठून आभाळ बघतात.

पाण्याचा थेंब दिलेला नाही. तरी परवा एक कंद शेवाळातून जरा वर आलेला दिसला म्हणून वाकून बघितलं, तर खाली पांढरी मुळं सुटलीयेत. या दिवसांत मुळं सुटतात का? काय करू ते लिहा.

तुमची कान्छी बहीण,
जसमती

•

कालिम्पोङ,
१९ डिसेंबर

प्रिय कान्छी,

मुळं सुटतात ती ऊब मिळाली म्हणून. निगालेखर्कला पौषात ऊब कुठून आली? मला तुझं घर माहीत आहे. उत्तरेच्या भिंतीच्या आत तुझी चूल आहे, आणि तू ती दिवसभर पेटती ठेवतेस, येणाऱ्याजाणाऱ्याला चहा देत बसतेस. ट्रे त्या भिंतीला टेकवले असशील. हातभर लांब ठेव, एवढंही मी लिहायला हवं होतं का?

मनरूपा म्हणायचीच, कान्छीच्या हाताला घाई आहे. मी तेव्हा तुझी बाजू घ्यायचो.

इथलं विचारू नकोस. मोठ्या सुनाखरीच्या कुंड्यांना एव्हाना फुलांचे दांडे दिसायला हवे होते, तर नुसती पानंच. रात्री गार पडल्याशिवाय दांडा येत नाही. कमेलियाच्या कळ्या उमलण्याआधी झडतात, रोज सकाळी झाडून काढतो. मावा थंडीने मरायचा तो मरत नाही. कोलकात्याचे व्यापारी यायचे ते यंदा आले नाहीत. बागेत उभा राहिलो की वाटतं, दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरलोय.

म्हणून सांगतो, माझा सगळा जीव त्या ट्रेंमध्ये आहे. थंडी कर, काहीही कर, पण त्यांना झोपव.

हर्कजित

•

निगालेखर्क,
७ जानेवारी

आदरणीय दाजु,

तुमचं पत्र वाचलं आणि तसंच ठेवून दिलं. उत्तर लिहायला बसले असते तर काहीबाही लिहिलं असतं. ट्रे भिंतीपासून लांबच होते. चूल तर आम्ही आता पलीकडच्या खोलीत नेली, तुम्हाला येऊन किती वर्षं झाली याचा तुम्हीच हिशेब करा. भाउजू गेल्या, आता त्यांच्या तोंडून मला बोलून घेऊ नका. त्यांना काय म्हणायचं असायचं ते त्या मला समोर म्हणायच्या.

असो. तुमचं काम केलंय.

तुम्ही लिहिलं होतंत की बर्फ म्हणजे त्यांची दुलई. इथे यंदा बर्फाचा पत्ता नाही, पण वर सन्दकफू शिखराच्या मागच्या घळीत, जिथे ऊन पोचत नाही, तिथे थोडं आहे. फुर्बाला सांगितलं. तो प्रवासी सोडून येताना खताच्या रिकाम्या पोत्यांत भरून आणतो. मी ते ट्रेंवर हाताने पसरते, कंद पुरते झाकले जाईपर्यंत. आपण लहान असताना आमा बटाट्याच्या वाफ्यांवर बर्फ ओढायची, तसंच. दुपारी ते वितळून जातं, मग फुर्बाची पुढची खेप आली की पुन्हा घालते. आमचे हे हसतात. म्हणतात, लोक बर्फ बघायला पैसे मोजून वर येतात आणि माझी बायको ते घरी मागवते. हसू देत.

पानं आता पिवळी पडायला लागलीत. झोपतायत, दाजु. तुमची घाईच्या हाताची बहीण हे करू शकली.

जसमती

•

कालिम्पोङ,
माघे संक्रांत

कान्छी,

पत्र आत्ता मिळालं. बर्फ ताबडतोब काढ. सगळं काढ. ट्रे तिरपे कर, पाणी निथळू दे, ओलं शेवाळ बोटाने उपसून टाक, कोरडा वारा लागेल असं कर. खरी थंडी असते तेव्हा बर्फ बर्फच राहतं, कंदाला ओल लागत नाही. तू घालतेस ते रोज वितळतंय, म्हणजे तू त्यांना रोज गार पाणी घालते आहेस, आणि तेही मुळं सुटलेली असताना.

जीप स्टँडवर स्वतः जाऊन हे पत्र देतो आहे. फोनही लावला होता. तू उचललास, काहीतरी बोललीस. मी ओरडून ओरडून सांगितलं. तुला ऐकू गेलं का ते मला कळलं नाही.

हर्कजित

•

निगालेखर्क,
३ फेब्रुवारी

आदरणीय दाजु,

फोनवर तुम्ही 'बर्फ, बर्फ' म्हणत होतात तेवढं ऐकू आलं. मला वाटलं, अजून घाल म्हणताय. मी घातलं.

पत्र मात्र उशिरा पोचलं. फुर्बाची गाडी खाली मानेभञ्ज्याङला गिअरबॉक्स उघडून पडली होती, पत्र त्याच्या खिशातच राहिलं. ते हातात आलं तेव्हा मी ट्रे तिरपे केले आणि कंद चाचपून बघितले. बोटं आत गेली. पानं पिवळी पडली होती ती झोपेने नाही. वास सुटला होता, सडलेल्या कांद्यासारखा.

मला कसं लिहावं ते कळत नाही, म्हणून सरळ लिहिते. सगळे गेले. मी घालवले. त्या दिवशी मी घरामागे बसून राहिले, हे जेवायला बोलवत होते तरी उठले नाही. भाउजूंशी माझं कधी पटलं नाही हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. पण त्यांच्या हातचं असं काही माझ्या हातून जावं, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तुम्ही मला बोला. न बोलता राहू नका.

एक कंद टणक लागला. तो उचलून पुसून, कागदात गुंडाळून ठेवलाय. बाकी काही नाही.

जसमती

•

कालिम्पोङ,
१० फेब्रुवारी

प्रिय कान्छी,

बोलण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही. दुलई हा शब्द माझा, 'काहीही कर' हेही मीच लिहिलं. तू ते मनावर घेतलंस एवढाच तुझा गुन्हा. चुलीवरून तुला बोललो ते मागे घेतो. पौषात निगालेखर्कला आरु फुलतो हे मला खरंच वाटलं नव्हतं. माझ्या डोक्यात तुझं गाव अजून आपल्या लहानपणीचं होतं, दाराशी बर्फ असलेलं.

खरं सांगू? तू नसतं काही केलंस तरी ते जागे राहून झिजलेच असते. मी हे रोज स्वतःला सांगतो. आमच्या अंगणातून आलगढा, आलगढाहून तुझ्याकडे, असं त्यांना वर वर नेत राहिलो. तुझ्याही वर सन्दकफू, आणि त्याच्या वर न्यायला डोंगरच नाही.

आता त्या एका कंदाचं. एवढंच नीट आठवून सांग, तो कडेच्या ओळीतला की मधल्या? कडेचं पाणी आधी निथळतं, म्हणून जगला तर कडेचाच जगायचा, हे मला कळतं. पण तरी विचारतो. मधला असेल तर अजून सगळं संपलेलं नाही. एका फुलातून बी धरता येतं. मनरूपाने तरी कितीपासून सुरुवात केली होती?

कुठूनही असो, त्याला थंडी हवी. लॉजवाल्या ल्हामु दिदीकडे फ्रिज आहे ना? कोरड्या कागदात गुंडाळून त्यात ठेव. हिवाळा असा पेटीत विकत मिळतो म्हणे आता.

दाजु

•

निगालेखर्क,
१८ फेब्रुवारी

आदरणीय दाजु,

मधला होता. मला नक्की आठवतंय.

ल्हामु दिदीने आधी कटकट केली, म्हणाली फ्रिज बियरसाठी आहे. मग तुमचं नाव सांगितलं तेव्हा वरच्या कप्प्यात कोपरा दिला. प्रवासी पोरं बाटली काढायला दार उघडतात आणि विचारतात, हे कागदात काय. ल्हामु दिदी त्यांना सांगते, हात लावू नका, कालिम्पोङच्या म्हाताऱ्याची बायको आहे. हे तुम्हाला लिहावं की नाही कळत नव्हतं. लिहिलं. वाचून तुम्ही हसलात तर बरं होईल.

जसमती

•

कालिम्पोङ,
२६ फेब्रुवारी

प्रिय कान्छी,

हसलो. कितीतरी दिवसांनी हसलो, शेजारचे प्रधान कुंपणावरून बघायला आले की याला काय झालं. मनरूपालाही आवडलं असतं. बियरचा वास तिला सहन व्हायचा नाही तो भाग वेगळा.

मधला होता हे तुझं वाक्य मी किती वेळा वाचलं सांगत नाही. त्या दिवशी आंघोळ केली, दाढी केली. काचघराच्या फुटलेल्या काचांना प्लास्टिक लावलं. तिची पराग लावायची काडी सापडली, ती धुऊन ठेवलीय. मार्च लागला की कंद बाहेर काढ, कोरड्या सालपटांत बसव, आणि कळी दिसल्याशिवाय पाणी नको. कळीवरच रंग कळतो. कळला की त्याच दिवशी लिही.

बाग तशीच आहे, वाईट. आरु फुलून झडून गेले, फळ धरलं नाही. पण मी आता तिकडे फारसं बघत नाही.

दाजु

•

निगालेखर्क,
२५ मार्च

आदरणीय दाजु,

फुललं. पांढरं आहे.

इकडे सगळे बरे. पाऊस नाही. फुर्बा घाईत आहे म्हणून इतकंच.

जसमती

•

कालिम्पोङ,
३१ मार्च

प्रिय कान्छी,

एवढी मोठी गोष्ट आणि एवढंसं पत्र. तुझ्या हाताची घाई काही जायची नाही, पण आज तुला सगळं माफ.

मी येतो. पाच तारखेला दुपारी मानेभञ्ज्याङला पोचेन, फुर्बाला थांबायला सांग. गुडघे दुखतात, इथे लोक म्हणतायत कशाला जाता, कुणाला तरी पाठवा. त्यांना काय सांगू? काडी घेऊन येतो. फुलाला हात मीच लावणार, तू लांब उभी राहा. त्याचाच पराग त्यालाच लावायचा, बोंड धरलं की शरदात बी. मग शेवाळ, मग चार-पाच वर्षं. तेवढं मी जगेन असं आज वाटतंय. मनरूपा गेल्यापासून असं वाटलं नव्हतं.

सगळ्यांना सांगितलंय. प्रधानांना, देवळातल्या पुजारी बाहुनांना, आमच्या लेकीला तर बंगळूरला फोन लावला. आईचं फूल फुललं म्हणून ती फोनवर रडली म्हणे, मला काही ऐकू आलं नाही, शेजारणीने सांगितलं.

तुझा,
दाजु

•

निगालेखर्क,
४ एप्रिल

आदरणीय दाजु,

हे पत्र फुर्बा तुम्हाला मानेभञ्ज्याङला देईल. उभ्याने वाचू नका. चहाच्या दुकानात बसा, चहा मागवा, मग वाचा.

फूल पांढरं नाही. जांभळं आहे. कंद कडेचा होता. तुम्ही विचारलंत तेव्हाच मला माहीत होतं, कारण तो मी ट्रेच्या लाकडाला चिकटलेला सोडवून काढला होता. तुमचं ते पत्र वाचलं, 'मधला असेल तर अजून सगळं संपलेलं नाही', आणि माझ्या हातून 'मधला' असं लिहून गेलं. मला वाटलं, कदाचित फुलणारच नाही, मग प्रश्नच मिटला. फ्रिजमध्ये मरेल, मी लिहीन मेला, तुम्ही एकदाच रडाल. पण ते फुललं. कळी जांभळी दिसली त्या दिवशी मी कागद घेऊन बसले आणि खरं लिहायचं म्हणूनच बसले. तुम्ही दाढी केली, काचा लावल्या, ते डोळ्यांपुढे आलं. पुढे काय लिहिलं ते तुम्ही वाचलंच आहे.

तुम्ही स्वतः वर याल हे माझ्या डोक्यात आलंच नाही. इतक्या वर्षांत आला नाहीत.

भाउजूंचं फूल मी दोनदा मारलं. एकदा बर्फाने, एकदा पत्राने. त्या म्हणायच्या तेच खरं, माझ्या हाताला घाई आहे. तुम्हाला माघारी जायचं असेल तर जा, मी समजेन. फुर्बाला पैसे दिलेत, तो तुम्हाला कालिम्पोङपर्यंत सोडेल. आणि माझं तोंड बघायचं नसेल तर तसं त्याच्याजवळ सांगा, लिहायचे कष्टही घेऊ नका.

जसमती

•

मानेभञ्ज्याङ,
५ एप्रिल

प्रिय कान्छी,

बसलो, चहा मागवला, मग वाचलं. चहा तसाच राहिला.

फुर्बाला म्हटलं, चल, खाली सोड. गाडीत बसलोसुद्धा. त्याने गाडी सुरू केली आणि मला घर दिसलं. दार उघडायचं, आत जायचं, प्रधान कुंपणावर येऊन विचारणार. काचघरात रिकामी फळी. इतके दिवस सकाळी उठायला मला काहीतरी कारण होतं, आणि ते तुझ्याकडे होतं. आता खाली माझं काहीच नाही. मी उतरलो. फुर्बा बिचारा गाडी बंद करून माझ्याजवळ येऊन बसला.

तुझ्यावर रागावलो का, तर हो. आत्ताही आहे. तू मला महिना-दीड महिना जगवलंस आणि आज एका पानात सगळं काढून घेतलंस. पण खोटं तू माझ्यासाठी लिहिलंस आणि खरं मानलं ते मी. कडेचाच जगायचा हे मीच लिहिलं होतं की तुला.

मनरूपा गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. लोक म्हणाले, कठीण माणूस आहे. तसं नव्हतं. पांढरे कंद होते, त्यांना बघायचं होतं, त्यामुळे ती पुरती गेली असं मला वाटतच नव्हतं. आज चहाच्या दुकानात, सगळ्या ड्रायव्हरांच्या समोर, मला रडू आलं आणि ते थांबेना.

ते फूल कापून टाक किंवा राहू दे, मला बघायचं नाही. मी येईन तेव्हा त्याबद्दल काही बोलू नकोस. वर चढायच्या आधी फुर्बाला गिअरबॉक्स पुन्हा बघून घ्यायचाय म्हणून आज निघता येत नाही, तोवर हे पत्र वर जाणाऱ्या दुसऱ्या गाडीतून पाठवतो, म्हणजे तुला आधी कळेल.

आपल्यात मरणाची खबर पत्राने देत नाहीत, माणसाने घरी जाऊन सांगायची असते. माझी बायको गेली, कान्छी. ते तुला सांगायला उद्या वर येतो आहे.

दाजु